तितर-लाव्ह्यासाठी कुत्रा पाळायचा आहे. कोणत्या जातीचा घ्यावा आणि कसा शिकवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: यवतमाळकडे घरची शेती आहे, आजोबांच्या काळी घरी तितरावर जाणारा कुत्रा होता, आणि आता सुटीच्या दिवशी हौसेपुरतं वावरात फिरायला तसाच कुत्रा हवा आहे.

शिकारीचं आधी मिटवून टाकू. तितर, लावा, मोर, ससा यांपैकी काहीही मारायला आज परवाना मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात सुरुवातीला परवान्याची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीत गेली. आजोबांच्या वेळचा हिशेब म्हणूनच आज लागू होत नाही. कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात फक्त मारणं येत नाही. पकडणं, फासे लावणं, हाकून काढणं, कुत्रा मागे सोडणं, नुसता प्रयत्न करणं, घरटं मोडणं, अंडी उचलणं हे सगळं त्यात धरलेलं आहे. त्यामुळे ‘मी काही केलं नाही, कुत्र्यानंच धरलं’ ही सबब चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, तिथे कैद किमान तीन वर्षांची. छऱ्याची बंदूक विनापरवाना मिळते म्हणून तिनं तितर पाडणं कायदेशीर होत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण हा गैरसमज गावोगाव आहे.

कुत्रा मात्र जरूर शिकवा. पक्ष्यांवर जाणाऱ्या कुत्र्याची खरी किंमत धावण्यात कधीच नव्हती. वास लागल्यावर थांबणं, शिट्टीवर परत फिरणं आणि तोंडातली वस्तू हातात देणं, ही त्याची कामं. वावरात तुम्हाला नेमकं हेच लागतं. रोही (नीलगाय) दिसला की क्षितिजापर्यंत पळत जाणारा कुत्रा जागलीला काही कामाचा नाही, आणि तो फार दिवस जगतही नाही.

जातीचं सांगायचं तर पॉइंटर वास लागला की जागीच थिजतो, कॉकर स्पॅनिअल झुडपात घुसून पक्षी उठवतो, लॅब्रॅडॉर पडलेली वस्तू आणून देतो. तिन्ही जाती थंड हवेच्या मुलखात घडल्या आहेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा लॅब्रॅडॉर पंख्याखालून हलत नाही. स्पॅनिअलचे लांब केसाळ कान म्हणजे कुसळी आणि गोखरूला आमंत्रण. पॉइंटरला आखूड केसांमुळे ऊन थोडं सोसतं, पण त्याला रोज तास-दीड तास मोकळं पळायला लागतं. ते मिळालं नाही तर तो दोर, चपला, ठिबकच्या नळ्या, सगळं चावून ठेवतो. कारवान हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. हललेलं दिसलं की सुटतो, आणि सुटल्यावर त्याला हाक ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल. पक्ष्यांच्या कामाला तो कधीच नव्हता. माझं मत विचाराल तर गावठी पिल्लू घ्या. ऊन सोसतं, खाण्याचे नखरे नाहीत, आणि नाक कुठल्याही विलायती कुत्र्याच्या फार मागे नसतं. वस्तू आणून देण्याची हौसच असेल आणि घरात सावलीची, गार जागा असेल तर लॅब्रॅडॉर घ्या, पण आई-बापाच्या खुब्याचा एक्स-रे मागा. त्या जातीत खुबा सैल असण्याचा दोष पिढीजात येतो.

पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. लवकर उचललेल्या पिल्लाला चावा किती जोराचा घ्यायचा हे भावंडांत शिकायला मिळत नाही, आणि तो दोष मोठेपणी निस्तरावा लागतो. बघायला जाताना खिशात कागद आणि हातात स्टीलची ताटली ठेवा. कागदाचा चेंडू करून चार हातांवर टाका. जे पिल्लू त्यामागे जाईल, तोंडात धरेल आणि तुमच्याकडे वळेल, ते शिकवायला सोपं. मग त्याच्यापासून लांब, मागच्या बाजूला ताटली पाडा. दचकून पुन्हा हुंगायला आलं तर चांगलं, कोपऱ्यात दबून बसलं तर सोडा. या परीक्षेनं मोठेपणीचा कुत्रा नेमका कसा निघेल ते कळत नाही, पण घाबरट पिल्लू वगळता येतं. आईकडेही बघा. अनोळखी माणूस आल्यावर ती जागेवरून भुंकते की धावून चावते? पोट फुगलेलं असेल तर बहुधा जंत आहेत, ते औषधानं जातील. हिरड्या पांढुरक्या असतील तर मात्र विचार करा.

आणि जोडी घेऊ नका. दोन पिल्लं एकत्र वाढली की ती एकमेकांची होतात, तुमची होत नाहीत. वावरात दोन-तीन कुत्रे एकत्र आले की त्यांची टोळी बनते, आणि एकटा कुत्रा ज्या हरणाकडे नुसता बघतो त्यामागे टोळी धावते.

शिकवणीची सुरुवात पहिल्या दिवशीच्या ताटापासून होते. शिट्टी घ्या, कारण शिट्टीला राग नसतो आणि ती वाऱ्यावरही लांब जाते. जेवण ठेवताना प्रत्येक वेळी तीन-चार तुटक फुंका: ‘इकडे ये’. दोन आठवड्यांत पिल्लू ती ऐकताच पळत येऊ लागेल. मग अंगणात, मग गल्लीत, मग धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) वाजवा, आणि आल्यावर दर वेळी काहीतरी द्या, भाकरीचा तुकडाही चालतो. इथे बहुतेकांचं बिघडतं ते एका गोष्टीवरून. कुत्र्यानं काही नासधूस केली की त्याला बोलावून मारतात. त्याला कळतं एवढंच की बोलावल्यावर गेलं की मार बसतो. रागावायचं असेल तर उठून त्याच्याकडे जा. दुसरी चूक म्हणजे पाच-पाच वेळा बोलावत राहणं. एकदा वाजवली, आला नाही, तर दोर ओढून आणा.

त्यासाठी लांब दोर लागतो, दहा मीटरच्या आसपास. सुती घ्या. नायलॉनचा दोर हातातून सरकला की तळवा भाजतो. टोकाला गाठ किंवा फास ठेवू नका, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) खुंटांत अडकतो. दोर गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधा, कारण पळता पळता दोर संपला की सगळा हिसका मानेवर येतो. सहा महिन्यांचा होईपर्यंत उघड्या वावरात दोराशिवाय सोडू नका. सात-आठ महिन्यांचा झाला की शिकलेलं विसरल्यासारखं करतो. तो वयाचा भाग आहे, पुन्हा दोर बांधायचा.

आता ‘थांब’. सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत कामाचं हेच आहे. सोबत चालताना अचानक थांबा, ‘थांब’ म्हणा, तो बसला की खायला द्या. शब्द पक्का झाल्यावर त्याच्या आधी एक लांब फुंक लावा. मग अंतर वाढवा: पाच पावलं, दहा, तीस. एका अंतरावर दहापैकी आठ-नऊ वेळा जमल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोक तिसऱ्याच दिवशी कुत्रा रोह्याच्या कळपासमोर नेतात आणि मग म्हणतात, हा ऐकत नाही. आधी दोरावर शेळ्यांसमोर, मग टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्यांसमोर, मग पळणाऱ्या कोंबड्यांसमोर. कोंबडी मारलीच तर मेलेली कोंबडी गळ्यात बांधण्याचा गावठी उपाय करू नका. त्यानं कुत्रा शिकत नाही, फक्त घाण पसरते.

वस्तू आणायला शिकवण्यासाठी जुन्या पायमोज्यात चिंध्या भरून गाठ मारा. पिल्लासाठी मुठीएवढा, मोठ्या कुत्र्यासाठी पाव किलोपर्यंत. दोन भिंतींमधल्या बोळीत टाका, म्हणजे घेऊन परतताना त्याला तुमच्याजवळूनच यावं लागेल. आल्यावर मोजा हिसकावू नका. ओढाओढ झाली की तो दात घट्ट रोवायला शिकतो. हनुवटीखाली हात धरा, ‘दे’ म्हणा, तुकडा दाखवा. एका वेळी तीन-चार फेका आणि त्याला अजून हवं असतानाच थांबा. नंतर त्याला बसवून फेका आणि निम्म्या वेळा तो पायमोजा तुम्हीच उचलून आणा. हवेतून पडणारी प्रत्येक गोष्ट आपली नाही, हे त्याला त्यातून कळतं. मोज्याला कोंबडीची पिसं बांधायचा मोह टाळा. घरात कोंबड्या असतील तर तुम्हीच त्याला खोडी लावता.

पण ज्या कुत्र्याला सगळं तोंडात उचलून आणायची सवय लागली, त्याला आपल्या भागात एक खास धोका आहे. रानडुकरांसाठी कणकेत किंवा मांसात गुंडाळलेले गावठी बॉम्ब धुऱ्यावर टाकलेले असतात. थिमेट हे विषारी कीटकनाशक मिसळलेले पिठाचे गोळेही टाकतात. चावला की जबडा जातो, गिळला की जीव. म्हणून मोज्यासोबतच ‘सोड’ शिकवा. मुठीत तुकडा धरा, तो चाटेल, ओरबाडेल, तुम्ही काही करू नका. ज्या क्षणी तोंड मागे घेईल, त्या क्षणी ‘सोड’ म्हणून दुसऱ्या हातातून दुसरा तुकडा द्या. मुठीतला कधीच देऊ नका. मग जमिनीवर, मग वाटेवर आधी टाकून ठेवलेल्या तुकड्यावर, दोर लावून. हरभरा-तुरीच्या दिवसांत, जेव्हा डुकरांचा जोर असतो, तेव्हा परक्या वावरात कुत्रा मोकळा सोडूच नका. कुंपणाच्या तारेत चोरून करंट सोडलेला असतो तोही याच दिवसांत.

नाकाचं काम उरलेलं. तो मोजा घरच्याच वावरात लपवा आणि कुत्र्याला वाऱ्याच्या समोरून आणा. वारा पाठीमागून असेल तर वास त्याच्या पुढे निघून जातो, आणि लोक म्हणतात नाक नाही. वारा कळत नसेल तर चिमूटभर माती सोडून बघा. सकाळी जमीन ओलसर असते तेव्हा वास टिकतो. ऊन चढलं की कुत्रा तोंडानं धापा टाकतो, आणि धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगत नाही. वाटेत खरा तितर उठला तर लांब शिट्टी, बसवा, पक्षी जाऊ द्या, मग खायला द्या. पक्षी उठला म्हणजे खाली बसायचं, एवढं त्याच्या डोक्यात बसलं की आजोबांच्या कुत्र्यातलं निम्मं कसब त्याच्यात आलं. तितर-लाव्ह्यांची घरटी जमिनीवरच असतात, म्हणून अंडी-पिलांच्या दिवसांत माळरानावर दोर काढू नका. अकोला-वाशीमकडच्या गवताळ पट्ट्यात पावसाळ्यात तणमोर हा दुर्मीळ पक्षी येतो, तिथे तर कुत्रा नेऊच नका.

मार्च ते जूनमध्ये फिरणं सकाळी आठच्या आत संपवा. तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद जमिनीवर टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, चाल लटपटली, म्हणजे ऊन लागलं. सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओतत वारा घाला आणि डॉक्टरकडे न्या. ओलं गोणपाट पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळीचा त्रास सुरू होतो. टोकदार कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं आणि आत सरकत जातं, मग तिथे गाठ येऊन पू होतो. रोज घरी आल्यावर बेचके, काखा, कान बोटांनी चाचपा. एकाच बाजूला डोकं झटकत असेल तर कानात कुसळ असू शकतं. तेल घालू नका, डॉक्टरला काढू द्या.

रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि पुढे दरवर्षी. डिस्टेंपर-पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांची पहिली सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवडे होईपर्यंत. गोचिडांवर पिकाचं फवारणीचं औषध लावणारे बरेच आहेत. कुत्रा ते चाटतो, लाळ गळते, अंग थरथरतं आणि मरतो. गोचिडांची औषधं जनावरांच्या दवाखान्यात विचारून घ्या. ताप आला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनही देऊ नका.

रात्री त्याला वावरात साखळीनं बांधून ठेवू नका. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला, चंद्रपूर-गडचिरोलीत, उमरेडकडे बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी मांडून ठेवलेलं ताट. जागलीला तुम्ही असाल तर तुमच्याजवळ, नसाल तर कोठ्यात, दार लावून. भुंकणं आतूनही ऐकू येतं.