वाचक विचारतात: घरच्या सिस्टीमला क्लास डी अँप्लिफायर कोणता घ्यावा?

यावेळच्या पत्रांत क्लास डीबद्दलचे, म्हणजे आउटपुट झपाट्याने चालू-बंद करून आवाज वाढवणाऱ्या आणि कमी तापणाऱ्या अँप्लिफायरबद्दलचे प्रश्न सगळ्यांत जास्त आहेत. बहुतेकांना बोर्डाचं नाव हवं आहे. नाव आम्ही सांगतोच, पण त्याआधी स्पीकर आणि पॉवर सप्लाय यांचा हिशेब करायला हवा. तो चुकला तर महागातला बोर्डही वाया जातो.

प्रश्न: माझ्याकडे ८ ओहमचे, ८७ डीबी संवेदनशीलतेचे दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. खोली १२ बाय १४ फुटांची. ऑनलाइन ५० वॅटपासून २००० वॅटपर्यंतचे बोर्ड दिसतात आणि किमतीत फारसा फरक नाही. कोणता घेऊ? घरात १८ व्होल्टचा जुना ट्रान्सफॉर्मर पडला आहे, तो चालेल का? (दर्यापूर, जि. अमरावती)

बोर्डावर छापलेले वॅट बाजूला ठेवा आणि त्याला किती व्होल्ट देणार ते पाहा. घरगुती क्लास डी बोर्ड बहुतेक ब्रिज पद्धतीचे असतात, म्हणजे ते स्पीकरची दोन्ही टोकं चालवतात. त्यांची कमाल ताकद एका साध्या हिशेबाने निघते: सप्लायच्या व्होल्टचा वर्ग करा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. २४ व्होल्ट आणि ८ ओहम असेल तर ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॅट. चिपमधली आणि कॉइलमधली घट वजा जाता स्वच्छ आवाजाचे ३० च्या आसपास उरतात. तोच बोर्ड १९ व्होल्टवर २२ पर्यंत जातो, १२ व्होल्टवर ९ पर्यंत. यापेक्षा जास्त स्वच्छ वॅट कोणत्याही चिपला काढता येत नाहीत. २४ व्होल्टच्या बोर्डावर २००० वॅट लिहिलेलं दिसलं, तर विकणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका.

आता हे ३० वॅट तुम्हाला पुरतात का? ८७ डीबीचा स्पीकर १ वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डीबी आवाज देतो. वॅट दुप्पट केले की ३ डीबी वाढतात. ३२ वॅटवर तो १०२ डीबीला पोचतो, आणि तुमच्याकडे स्पीकर दोन आहेत. बसायची जागा तीन मीटरवर असली तरी भजनापासून सिनेमापर्यंत सगळ्याला हे पुरून उरतं. ३० चे ६० वॅट केले तर कानाला जेमतेम तेवढेच ३ डीबी जास्त मिळतील.

म्हणून तुमच्यासाठी आमची शिफारस टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६डी२ चिपच्या स्टिरिओ बोर्डाची आहे. ही चिप ४.५ ते २६ व्होल्टवर चालते. कंपनी तिचे ५० वॅट दर चॅनल सांगते ते २१ व्होल्टवर, ४ ओहमला आणि १० टक्के विकृतीवर. १० टक्के विकृती म्हणजे आवाज स्पष्ट फाटलेला असतो, तेव्हा हा आकडा कोणत्या अटींवरचा आहे हे लक्षात ठेवा. मोठा हॉल, ४ ओहमचे आणि ८४ डीबीच्या आसपासचे स्पीकर असतील, तरच टीपीए३२५५ चा विचार करा. तिला १८ ते ५३.५ व्होल्ट लागतात, आणि तिच्या ताकदीचा उपयोग करायचा तर ४८ व्होल्टचा दणकट सप्लाय हवा. तो खर्च तुमच्या खोलीसाठी करू नका.

बोर्ड हातात आला की मोठ्या गोल कपॅसिटरवर काय लिहिलंय ते वाचा. २५ व्होल्टचे कपॅसिटर लावून '२४ व्होल्टवर चालवा' म्हणणारे बोर्ड बाजारात सर्रास मिळतात. तसा बोर्ड १९ व्होल्टवरच चालवा, नाहीतर कपॅसिटर बदलून ३५ व्होल्ट, १०५ डिग्रीचे लावा. दुसरी गोष्ट आउटपुटच्या कॉइलची. प्रत्येक चॅनलला दोन, म्हणजे एकूण चार कॉइल हव्यात. बोर्ड सुरू करून गाणं न लावता दहा मिनिटांनी त्यांना हात लावा. कोमट असतील तर ठीक. चटका बसत असेल तर कोअर हलका आहे, बोर्ड परत करा. बरेच बोर्ड ४ ओहमसाठी बेतलेले असतात. ८ ओहमवर त्यांचा आवाज अगदी वरच्या टोकाला किंचित उठतो. झांज टोचू लागली तर स्पीकरचं तोंड थोडं बाजूला वळवा.

ट्रान्सफॉर्मर मात्र वापरू नका. १८ व्होल्ट एसी ब्रिज डायोड आणि कपॅसिटरमधून गेले की लोडवर २४ व्होल्ट डीसी होतात, इथवर ठीक दिसतं. पण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर मुळातच जास्त व्होल्ट देतो. त्यात रात्री शिवारातले पंप बंद झाले आणि लाईन २५०-२६० वर गेली, तर तेच २४ व्होल्ट ३० ला टेकतात. चिपची मर्यादा २६ ची आहे. शेवटी अँप्लिफायर असा एखाद्या रात्री जातो आणि दोष बोर्डाला दिला जातो. २४ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक सप्लाय घ्या. लाईन वरखाली झाली तरी त्याचे २४ व्होल्ट जागचे हलत नाहीत.

एसएमपीएस घेताना एक गोष्ट पाहा. काहींच्या कडेला ११५ आणि २३० असं लिहिलेलं छोटं लाल बटण असतं. ते २३० वर आहे याची प्लग लावण्याआधी खात्री करा. ११५ वर राहिलं तर सुरू करताक्षणी आतला भाग फुटतो. शिवाय हे बटणवाले सप्लाय २३० वर ठेवले की साधारण १७०-१८० व्होल्टच्या खाली बंद पडतात. तुमच्याकडे संध्याकाळी लाईन तितकी उतरत असेल, तर बटण नसलेला, ९० ते २६४ व्होल्टवर चालणारा सप्लाय मागा. स्टॅबिलायझरचा खर्च वाचेल.

प्रश्न: आमच्याकडे लाईन जास्त वेळ राहत नाही. घरी १२ व्होल्ट, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. अँप्लिफायर सरळ बॅटरीवर लावला तर? (आर्णी, जि. यवतमाळ)

लावा, ही पद्धत चांगली आहे. इन्व्हर्टरमधून गेलात तर १२ चे २३० आणि परत २३० चे २४ करण्यात वीज वाया जाते. सरळ जोडलं तर घरातल्या नेहमीच्या आवाजाला हा बोर्ड सरासरी अर्धा ते एक अँपिअर घेतो. १५० एएचच्या बॅटरीला ते जाणवतही नाही. फक्त १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला ८-९ वॅटच मिळतात. नवे स्पीकर घेणार असाल तर ४ ओहमचे आणि ९० डीबीच्या आसपासचे घ्या, म्हणजे १५ वॅटच्या घरात ताकद मिळेल आणि आवाजही भरेल.

चार्जिंग चालू असताना बॅटरी १४.४ व्होल्टच्या आसपास जाते, कधी त्याहून थोडी वर. टीपीए३११६ ला त्याची फिकीर नाही. कमाल १५ व्होल्टची मर्यादा असलेले छोटे बोर्ड मात्र अशा बॅटरीवर लावू नयेत, त्यांना जागाच उरत नाही.

जोडणी अशी करा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर ५ अँपिअरचा फ्यूज होल्डर लावा, फ्यूज अजून घालू नका. तिथून १.५ चौरस मिमीची तांब्याची तार बोर्डापर्यंत आणा. पाच मीटर अंतराला ती पुरते. बोर्डाच्या टोकाला मीटर लावून प्लस-मायनस तपासा, कारण बहुतेक बोर्डांना उलट जोडणीपासून संरक्षण नसतं, आणि उलटी जोडणी झाली की चिप जागीच जाते. हे सगळं झालं की शेवटी फ्यूज घाला. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा टर्मिनलवर ठिणगी पडेल असं काही करायचं नाही आणि खोलीची खिडकी उघडी ठेवायची. फ्यूजशिवाय एक दिवसही चालवू नका. तार कुठे सोलली आणि शॉर्ट झाली, तर ही बॅटरी शेकडो अँपिअर देते आणि तार लालबुंद होऊन घराला आग लागू शकते.

आणखी एक. बॅटरी उतरली की इन्व्हर्टर स्वतः बंद होतो, पण तुम्ही सरळ जोडलेला अँप्लिफायर सुरूच राहतो. ११.५ व्होल्टला तोडणारं लो-व्होल्टेज कटऑफ मॉड्यूल मध्ये टाका. आणि दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल, तर त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका. ती एकटी उतरत जाते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही अकाली मरतात. तिथे पूर्ण २४ व्होल्टही सरळ देऊ नका. चार्जिंगला ते २८.८ होतात आणि चिपची मर्यादा ओलांडतात. २४ चे १९ करणारा बक कन्व्हर्टर लावा.

प्रश्न: भिंतीतून स्पीकरसाठी तीन तारांची केबल आधीच टाकलेली आहे: डावा, उजवा आणि दोघांचा मिळून एक मायनस. जुन्या अँप्लिफायरवर छान चालायचं. नवा क्लास डी लावला तर दोन सेकंदांत बंद पडतो. बोर्ड खराब आहे का? (तुमसर, जि. भंडारा)

बोर्ड चांगला आहे, त्याने स्वतःला वाचवलं. ब्रिज पद्धतीत स्पीकरचा मायनस हा ग्राउंड नसतो. दोन्ही टोकांना अँप्लिफायर जिवंत ठेवतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन सप्लायच्या मायनसला आणि लाल पिन स्पीकरच्या कोणत्याही टोकाला लावा. २४ व्होल्टच्या सप्लायवर १२ च्या आसपास दिसेल, प्लसवरही आणि मायनसवरही. मग मीटर त्याच चॅनलच्या दोन टोकांमध्ये लावा, तिथे जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. ही तपासणी स्पीकर काढून करा. नव्या बोर्डावर स्पीकर लावण्याआधीही ती करून घ्यावी. दोन टोकांमध्ये काही व्होल्ट दिसले, तर स्पीकर लावूच नका, स्पीकरची कॉइल जळेल.

तुमच्या केबलमध्ये दोन चॅनलचे मायनस एकमेकांना भिडले आणि दोन अँप्लिफायर एकमेकांवर तुटून पडले. चौथी तार टाकण्यावाचून उपाय नाही. हीच चूक इतर ठिकाणीही होते: स्पीकरच्या आउटपुटवर हेडफोनचा सॉकेट लावताना, कॉमन मायनसचा क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारी जोडणी) वापरताना, मायनस लोखंडी डब्याला टेकवताना. सबवूफर जोडायचा असेल तर स्पीकरच्या तारांवरून घेऊ नका. सिग्नल अँप्लिफायरच्या आधी, आरसीए वायवरून (एका आरसीए पिनेचे दोन फाटे करणाऱ्या तारेवरून) वेगळा काढा.

प्रश्न: मोठा कूलर सुरू-बंद झाला की स्पीकरमध्ये 'टक' होतं. लॅपटॉपच्या चार्जरवर अँप्लिफायर चालवतो आणि सेट-टॉप बॉक्स जोडला की बारीक घूंऽऽ येते. शिवाय अँप्लिफायर चालू असताना रेडिओवर नागपूर केंद्र नीट लागत नाही. (आर्वी, जि. वर्धा)

तीन तक्रारींची तीन कारणं आहेत. कूलरची मोटर बंद होताना लाईनवर झटका सोडते. कूलरच्या स्विचवर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा, एक्स२ जातीच्या (मेन्स लाईनसाठीच्या) कपॅसिटरचा स्नबर, म्हणजे झटका शोषणारी जोडी, इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या आणि अँप्लिफायरचा प्लग दुसऱ्या स्विचबोर्डावर न्या.

घूं येते तेव्हा आरसीए पिन अँप्लिफायरमधून उपसून पाहा. आवाज गेला तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे मायनसला अर्थिंगकडे दोन रस्ते मिळाले आहेत. तीन पिनांच्या बऱ्याच लॅपटॉप चार्जरमध्ये डीसीचा मायनस आतून अर्थिंगला जोडलेला असतो, आणि डिशच्या केबलमार्गे दुसरा रस्ता तयार होतो. अर्थिंगची पिन तोडू नका, ती जीव वाचवण्यासाठी आहे. आरसीएच्या वाटेवर एकास एकचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

रेडिओचं कारण वेगळं आहे. क्लास डीची चिप आउटपुट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करते. टीपीए३११६ मध्ये हा वेग तीन पिनांनी निवडता येतो, ४०० किलोहर्ट्झपासून १.२ मेगाहर्ट्झपर्यंत. आकाशवाणी नागपूर मिडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला आहे. बोर्ड ६०० ला बांधलेला असेल तर तो स्टेशनच्या अगदी शेजारी येतो. घेताना ४०० चा बोर्ड मागा. आधी मात्र गुन्हेगार नक्की करा: सप्लाय काढून तोच बोर्ड बॅटरीवर चालवा. खरखर गेली तर दोष एसएमपीएसचा. राहिली तर स्पीकरच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून घ्या, बोर्डाजवळ फेराइटची क्लिप लावा, आणि बोर्ड पत्र्याच्या डब्यात बसवून डबा सप्लायच्या मायनसला एकाच ठिकाणी जोडा. तो डबा स्पीकरच्या टोकांना मात्र लागू देऊ नका. रेडिओ दोन-तीन मीटर दूर ठेवून गोल फिरवा. आतला फेराइटचा दांडा विशिष्ट दिशेला आला की खरखर बरीच पडते.

प्रश्न: घरावर टिनं आहेत. मे महिन्यात दुपारी तासाभराने अँप्लिफायर बंद पडतो, संध्याकाळी आपोआप ठीक होतो. मोठा पंखा लावू का? (मूल, जि. चंद्रपूर)

क्लास डी मुळात कमी तापतो. दोन्ही चॅनलला ३० वॅट देतानाही तो साधारण सहा-सात वॅट उष्णता करतो, म्हणून टिनाखालीही तो चालायला हवा. बंद पडतोय म्हणजे हीटसिंकचा चिपशी संपर्क गेला आहे. टीपीए३११६ चा धातूचा पट्टा चिपच्या वरच्या बाजूला असतो आणि स्वस्त बोर्डांवर हीटसिंक नुसत्या चिकटपट्टीने बसवलेला असतो. ती सुकली की उष्णता आतच राहते. हीटसिंक काढा, जुना गोंद स्पिरिटने पुसा, थर्मल पेस्टचा पातळ थर लावा आणि स्क्रूने किंवा क्लिपने दाबून बसवा. डब्याला खाली आणि वर भोकं पाडा. जिनिंगच्या जवळ घर असेल तर भोकांत कापसाचे तंतू साचतात, होळीच्या सुमारास मऊ ब्रशने साफ करा.

पंख्याची गरज नाही. कूलरची ओली हवाही डब्यावर येऊ देऊ नका. त्या ओलीने बोर्डावर पांढरा क्षार जमतो आणि चिपच्या बारीक पायांमध्ये गळती सुरू होते.

प्रश्न: जुना ट्रान्झिस्टर अँप्लिफायर उत्तम चालतो. तरी क्लास डी घ्यावा का? (मोर्शी, जि. अमरावती)

नाही. लाईन ठीक असेल आणि तो गरम होऊन बंद पडत नसेल, तर त्यातले जुने कपॅसिटर बदलून घ्या. उरलेले पैसे स्पीकरसाठी ठेवा.