मानसिक आजाराच्या दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरताना, आजार एकापेक्षा जास्त असतील तर काय लिहावं?

तुमच्या बहिणीला बायपोलर आहे (मन कधी उसळतं, कधी पार बसतं), ओसीडी आहे (एकच शंका, एकच कृती पुन्हा पुन्हा), वर पॅनिक अटॅक येतात. अर्जात यातलं एकच लिहायचं की तिन्ही, आणि तिन्ही लिहिले तर टक्केवारी वाढते का, असं तुम्ही विचारलंय. नाही वाढत. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे हा अर्ज ऑनलाइन भरायच्या सरकारी वेबसाइटवर, प्रकार म्हणून 'मानसिक आजार' निवडायचा, निदान काय ते तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ लिहितात. फाइलमध्ये जेवढी नावं आहेत तेवढी सगळी जाऊ द्या, लपवू नका. पण नावांच्या भरवशावर राहू नका. मोजलं जातं ते वेगळंच, आणि आमच्या घरचं गाडं नेमकं तिथेच अडलं होतं, म्हणून एवढं लिहायला बसलेय.

माझा थोरला भाऊ. देवगड तालुक्यात आमची हापूसची थोडी कलमं आहेत. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ते गेले. दादाला कॉलेजात असतानाच पहिल्यांदा त्रास झाला, पुढे बायपोलर निघालं, आणि मागून ओसीडी. तपासणीची तारीख मिळाली तेव्हा काका म्हणाले मी येतो सोबत. आदल्या रात्री त्यांनी आईला फर्मावलं, चार माणसांत जायचंय, पोरगा नीट दिसू दे. सकाळी आईने दादाची दाढी केली, डोक्याला तेल लावलं, गणपतीला घेतलेला शर्ट इस्त्री करून घातला. मी म्हणत होते, आहे तसा नेऊया. माझं कोण ऐकतंय, मी लग्न होऊन कणकवलीला गेलेली.

आत डॉक्टरांनी दादालाच विचारलं. आंघोळ रोज करता? हो. जेवण स्वतः घेता? हो. काम? बागेत जातो. दादा स्वभावाने इतका भिडस्त की समोरच्याला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येतं. वर काकांनी पुस्ती जोडली, "हुशार आहे हो, सगळी कलमं तोच बघतो." पाच मिनिटांत बाहेर. प्रमाणपत्र आलं ते 40 टक्क्यांच्या खालचं, म्हणजे कुठल्याच कामाचं नाही.

आता खरं काय ते सांगते. दादाची आंघोळ म्हणजे न्हाणीत तांबे मोजणं. मोजणी मध्येच चुकली की पहिल्यापासून. बंबातलं पाणी संपतं, हौद खाली होतो, बोटांच्या पेरांना चिरा पडतात, आणि आई दाराबाहेर उभी राहून "झाले रे, पुरे झाले" असं सांगत राहते तेव्हा तो बाहेर येतो. मन बसलेलं असेल तर आठवडा आठवडा पाण्याला शिवत नाही. बागेचं तेच. मोहोर आला की फवारणी वेळेत व्हावी लागते. दादा औषध मोजतो, पंपात ओततो, बरोबर मोजलं का अशी शंका येते, पंप रिकामा करतो, पुन्हा मोजतो. दिवस मावळेपर्यंत दोन झाडं. फवारणी शेवटी गडी लावूनच होते. "बागेत जातो" यात खोटं काहीच नाही, पण त्यातून डॉक्टरांना काय कळणार?

मानसिक आजाराची टक्केवारी 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर ठरते, 2002 पासून सरकारमान्य आहे. ती मुळात स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी आणि डिमेन्शिया यांच्यासाठी केलेली, त्यामुळे तुमच्या बहिणीच्या बाबतीत नुसत्या पॅनिकवर जोर देऊ नका. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबतींत प्रत्येकी 0 ते 4 गुण. आजार किती जुना त्याचे आणखी 4 पर्यंत, दहा वर्षांच्या वर असेल तर पूर्ण 4. बेरीज 7 झाली की 40 टक्के. दादाला जुनेपणाचे 4 मिळाले आणि बाकी चार बाबतींत मिळून 2. त्या दाढीने आणि त्या शर्टाने स्वतःच्या काळजीचे गुण शून्यावर आणले, दुसरं काही नाही.

म्हणून "अडचणी काय" याचं उत्तर आजाराच्या भाषेत लिहूच नका. 'मूड स्विंग्ज आहेत', 'एकाग्रता कमी आहे' याने काही कळत नाही. ते काम कोण करून देतं, ते माणूस नसलं तर काय होतं, वाईट दिवस कसा जातो, हे लिहा. माझ्या आईकडे याची नोंद होती आणि आम्हाला कोणाला पत्ता नव्हता. कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी ती लिहायची: 'जागा रात्रभर', 'जेवला नाही', 'न्हाणीत 3 तास', 'गोळी फेकली'. ती कॅलेंडरं ती माळ्यावर टाकायची. मी सगळी उतरवली, फोटो काढले, महिन्यावार एका कागदावर मांडलं आणि पुन्हा तपासणीसाठी अर्ज केला. जुनेपणाचा पुरावा म्हणून सगळ्यात पहिला केसपेपर काढून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 25 प्रमाणे स्वतःच्या उपचारांचे कागद मागायचा रुग्णाला हक्क आहे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दादा पूर्वी दाखल होता, तिथला कागद आम्हाला फार उपयोगी पडला.

दुसऱ्या वेळी मी आणि आई गेलो. डॉक्टर दुसरे होते. त्यांनी दादाला विचारलं आणि मग आईलाही विचारलं. आईला बोलायला जड गेलं, पोराबद्दल पोरासमोर असं बोलायचं म्हणजे काय, पण बोलली. तुमच्या घरात रोज जे माणूस बहिणीचं करतं तेच आत गेलं पाहिजे. घरातला वडीलधारा, हुद्द्याचा, इंग्रजी बोलणारा नको.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. वाढवून काही लिहू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि तसल्या लोकांमुळेच आपल्या माणसांकडे संशयाने बघतात. निकाल पटला नाही तर त्याच कायद्यात अपील आहे. मानसिक आजाराचं प्रमाणपत्र मुदतीचं मिळू शकतं, तारीख बघून ठेवा. आणि संजय गांधी निराधार योजनेच्या मासिक मदतीचं म्हणाल तर नुसतं 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र पुरत नाही, दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत लागतं, राज्यात 15 वर्षं वास्तव्य लागतं. दिव्यांगांना आता महिना 2,500 मिळतात. आईच्या पेन्शनमुळे आम्ही त्यात बसत नाही, त्यामुळे तहसीलमधली पुढची वाट मी स्वतः चाललेली नाही.

मग प्रमाणपत्र कशाला, हा काकांचा प्रश्न. वडिलांच्या दिवसकार्यानंतर त्यांनी हेच ऐकवलं होतं, "तेका काय धाड भरली हा? जेवता-खाता, बागेत जाता. घरातली भानगड सरकाराक कित्याक सांगूची?" आणि मी लावून धरलं तेव्हा म्हणाले, कागदावर शिक्का बसला की पुतण्या-पुतणींची लग्नं जमायची नाहीत. त्या पोरांची लग्नं झाली, कोणी दादाचा कागद विचारला नाही. गावाला दादाचं सगळं आधीपासूनच माहीत आहे, त्याला रात्री समुद्रावरून धरून आणणारे गाववालेच आहेत. लपवलं ते फक्त ज्याच्याकडून मदत मिळायची त्याच्यापासून.

आणि आमचा मुद्दा निराधारचा नव्हताच. सरकारी पेन्शनरच्या ज्या अपत्याला मानसिक आजारामुळे कमावता येत नाही त्याला आईवडिलांमागे आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. काका म्हणतात "मी आसय ना". काकांचं वय आईपेक्षा जास्त आहे. आईच्या मागे दादाची गोळी कोण आणणार, गड्याचे पैसे कोण देणार, याचं उत्तर त्यांनी मला कधी दिलेलं नाही.

तुमच्याकडे आई किंवा वडील सरकारी पेन्शनर असतील तर निराधारच्या आधी हे बघा. त्यांनी ज्या कार्यालयातून नोकरी सोडली तिथे बहिणीचं नाव कुटुंबाच्या तपशिलात दिव्यांग अपत्य म्हणून लागलंय का ते विचारा, आणि नसेल तर त्यांच्याच सहीने अर्ज देऊन पोच घ्या.