झटका थांबल्यानंतर

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

वॉर्डात रुजू होण्याआधी अपस्माराविषयी, म्हणजे फिट येण्याच्या आजाराविषयी, काय वाचावे, असे तू विचारले आहेस. औषधांच्या मात्रा आणि झटक्यांचे प्रकार तू पाठ करशीलच. मला सांगायचे आहे ते वागणुकीविषयी. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही अनेक जण उपचार अर्धवट सोडतात, आणि त्याला दवाखान्यात मिळालेली वागणूकही कारणीभूत असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरातून आलेल्या समजुती गणवेश चढवला म्हणून गळून पडत नाहीत. रुग्णाच्या तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, हे परीक्षेत अचूक लिहिणारेही प्रत्यक्ष झटका आला की चमचा शोधू लागतात. तू घड्याळ बघ, टोकदार वस्तू दूर कर, डोक्याखाली मऊ काहीतरी दे आणि शक्य होताच रुग्णाला कुशीवर वळव. झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला, तर डॉक्टरांना बोलावून औषध देण्यास क्षणाचाही विलंब नको.

खरी कसोटी मात्र झटका थांबल्यावर लागते. रुग्ण गोंधळलेला असतो, कधी कपडे ओले झालेले असतात, जीभ चावल्याने ओठांवर रक्त असते आणि भोवती माणसे टक लावून उभी असतात. आधी पडदा ओढ, अंगावर चादर घाल, नावाने हाक मारून तो कुठे आहे आणि काय झाले ते शांतपणे सांग. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नकोस. दोन बोटांनी, अंग चोरून हात लावणारी परिचारिका नातेवाइकांच्या नजरेतून सुटत नाही. हा आजार संसर्गजन्य नाही, असे नंतर कितीही समजावले तरी त्यांना तो स्पर्शच आठवतो.

मग झटका पाहणाऱ्याला बाजूला बसवून सुरुवात कशी झाली, मान कुठे वळली, हे विचार. मोबाइलवर चित्रीकरण असेल तर आवर्जून बघ. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, सामान्य आला तरी अपस्मार नाही असे ठरत नाही, निदान बहुतांशी या हकिकतीवरच उभे असते. शिवाय प्रत्येक झटक्यात अंग आखडतेच असे नाही: काही क्षण शून्यात पाहणाऱ्या मुलाला बेफिकीर ठरवले जाते, तर भान हरपून ओठ चाटत, कपडे चाचपत राहणाऱ्या माणसाला दारुडा.

गोळ्या चुकल्या का, हे विचारताना रागावू नकोस. रागावलीस तर पुढच्या वेळी रुग्ण खोटे सांगेल आणि मात्रा नाहक वाढेल. गोळ्या संपल्या होत्या, झोप अनावर होत होती की घरच्यांपासून लपवाव्या लागत होत्या, यांतल्या प्रत्येक कारणाला उपाय वेगळा आहे. तरुण स्त्री व्हॅल्प्रोएट हे झटके रोखणारे औषध घेत असेल, तर त्याने गर्भाला होऊ शकणाऱ्या अपायाची तिला कल्पना आहे ना, याची खात्री कर आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, हेही त्याच वेळी सांग. लग्नाविषयी, मुलांविषयी ती दबक्या आवाजात विचारेल, तेव्हा दार लावून तिच्याजवळ बस, आणि तिच्या परवानगीवाचून त्यातले काहीही नातेवाइकांसमोर काढू नकोस.

तुझी शुभचिंतक