लठ्ठ पगार असूनही अमेरिकेतले पायलट युनियनच्या करारावर एवढे का भांडतात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या पायलटांना वर्षाला कोट्यवधी रुपये मिळतात, तरी दर करारात पगार, प्रॉफिट शेअरिंग आणि आउटसोर्सिंगवरून त्यांच्यात एवढी हमरीतुमरी कशासाठी. आणि आपल्याकडे असं काही का ऐकू येत नाही. मुलगी बारावीला आहे, पायलट व्हायचं म्हणते, हेही लिहिलंय.

मी पायलट नाही. राहतो नागपुरात, नोकरी कोळसा खाणीत झाली आणि त्यातली बरीच वर्षं कामगार संघटनेत गेली. पुतण्या एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. तो घरी आला की आमची जुगलबंदी ठरलेली: तो रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) काढतो, मी वेज ॲग्रीमेंट (पगाराचा करार). त्या भांडवलावर हे उत्तर. मत आधीच सांगून टाकतो. या तीन मुद्द्यांत पगार सगळ्यात कमी महत्त्वाचा आणि आउटसोर्सिंग सगळ्यात जास्त. चर्चा मात्र बरोबर उलट्या क्रमाने होते.

पगाराचं उरकून घेऊ. तिकडे तासाचा दर असतो. विमान कोणतं, खुर्ची कॅप्टनची की फर्स्ट ऑफिसरची, आणि नोकरीचं कितवं वर्ष, यावर तो ठरतो. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीच्या २०२३ च्या कराराने चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढ दिली आणि मोठ्या विमानांच्या सिनियर कॅप्टनचा दर तासाला ४०० डॉलरच्या वर गेला. ऐकून डोळे फिरतात. पण तास म्हणजे कोणता तास? चाकांना लावलेले चोक काढल्यापासून मुक्कामी पुन्हा चोक लागेपर्यंतचा. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. आपल्याकडेही ठरावीक तासांच्या वरचे पैसे असेच मोजतात. हिवाळ्यात दिल्लीला धुकं पडलं की इथे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर विमान भरून उभं राहतं. आत माणसं कावलेली, क्रू पाणी वाटतोय, कॉकपिटमध्ये दोघं पायलट स्लॉटची, म्हणजे उड्डाणाच्या ठरवून मिळणाऱ्या वेळेची, वाट बघत बसलेले. पुतण्या म्हणतो, "काका, ड्यूटीचं घड्याळ चालू, पैशाचं बंद."

म्हणून खरी ओढाताण दरापेक्षा गॅरंटीड तासांवर होते, म्हणजे उडवलं नाही तरी महिन्याला किती तासांचे पैसे पक्के. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारा या विमान कंपनीत काय झालं आठवत असेल. एअर इंडियातल्या विलीनीकरणाआधी नवं पगारपत्रक आलं, त्यात हे तास ७० वरून ४० वर आले. पाठोपाठ पायलट मोठ्या संख्येने एकदम आजारी पडले आणि कंपनीला रोजची उड्डाणं सुमारे १० टक्क्यांनी कमी करावी लागली. पगार कापला असं कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. तासाचा दर कितीही वाढवा, तासच कापले तर हाती काय राहतं?

आता प्रॉफिट शेअरिंग. इथे डेल्टाची गोष्ट बघण्यासारखी आहे. २००५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, पायलटांचे पगार कापले गेले, त्यांची पेन्शन योजना गुंडाळली गेली. त्या पडझडीतून नफ्यातल्या वाट्याची भाषा पुढे आली: आज पगार सोडा, उद्या चांगले दिवस आले तर वाटा घ्या. चांगले दिवस आलेही. तिथलं सूत्र असं की करपूर्व नफ्यातल्या पहिल्या अडीच अब्ज डॉलरवर १० टक्के आणि त्यावरच्या नफ्यावर २० टक्के रक्कम कर्मचाऱ्यांमध्ये वाटायची. २०१९ च्या नफ्यातून २०२० च्या फेब्रुवारीत १.६ अब्ज डॉलर वाटले गेले.

यातून दोन तट पडतात. एक म्हणतो, वाटा थोडा सोडा आणि त्या बदल्यात तासाचा दर वाढवून घ्या, कारण दर पक्का असतो. दुसरा म्हणतो, कंपनी पैशात लोळत असताना वाटा सोडणारा खुळा. २०१५ मध्ये डेल्टाच्या व्यवस्थापनाने आणि युनियनच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी नेमका असाच सौदा ठरवला: पगार वर, वाटा खाली. तो सभासदांच्या मतदानाला गेला आणि जवळजवळ दोन तृतीयांश पायलटांनी फेटाळला. आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी हे जरा नीट वाचावं. नेत्यांनी सही केली म्हणून करार झाला असं तिकडे नसतं.

मला विचाराल तर मी पहिल्या तटातला. त्याच डेल्टाला २०२० मध्ये १२.४ अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि वाट्याचा हिशोब शून्यावर आला. खाणीतही आम्ही हेच बघितलं. कोल इंडियाचा पीएलआर, म्हणजे कामगिरीवरचा वार्षिक बोनस, दसऱ्याच्या आधी हातात पडतो, २०२५ मध्ये तो १ लाख ३ हजार रुपये होता. त्या आठवड्यात सीताबर्डी आणि इतवारीतल्या दुकानदारांना विचारा, कोळसेवाले किती गोड लागतात ते! पण घर चालतं बेसिकवर. अकराव्या वेज ॲग्रीमेंटमध्ये जुलै २०२१ पासून जी १९ टक्के वाढ मिळाली ती पीएफमध्ये गेली, ग्रॅच्युइटीत गेली आणि पुढच्या कराराची पायरी झाली. पीएलआर संपला की संपला.

भारतातल्या पायलटला तर हा वाद घालायलाही जागा नाही. आपला बोनसचा कायदा ८.३३ ते २० टक्के बोनस सांगतो खरा, पण तो महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी. त्यावरच्यांना कंपनीने खूश होऊन दिलं तर दिलं.

आउटसोर्सिंगकडे येतो. अमेरिकेतल्या पायलट करारात स्कोप नावाचं कलम असतं आणि जाणती मंडळी कराराचा मसुदा हातात पडला की आधी ते उघडतात. त्याचा मथितार्थ एवढाच: कंपनीच्या नावाने तिकीट विकून जे विमान उडतं ते कंपनीच्याच सिनियॉरिटी लिस्टवरचा पायलट उडवेल, आणि अपवाद किती ते आकड्यांत लिहायचं. नव्वदच्या दशकात पन्नास सीटांच्या छोट्या जेटचा अपवाद दिला गेला. छोटी विमानं, छोटी गावं, छोट्या भाडोत्री कंपन्या, त्यात काय एवढं, असं तेव्हा वाटलं. मग २००१ नंतरच्या मंदीत आणि दिवाळखोऱ्यांत सीट वाढत गेल्या: ७०, मग ७६. एक काळ असा आला की अमेरिकेतली जवळपास निम्मी देशांतर्गत उड्डाणं या रिजनल कंपन्या करत होत्या. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, आत पायलट भलत्याच पगाराचा.

२००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ एक विमान पडलं, ५० माणसं गेली. तिकिटावर नाव काँटिनेंटल या मोठ्या कंपनीचं, उडवत होती कोल्गन एअर ही रिजनल कंपनी. चौकशीत सहवैमानिकेचा तुटपुंजा पगार निघाला, आणि ती ड्यूटीसाठी आदल्या रात्री सिएटलहून देश ओलांडून आली होती हेही. त्यानंतर अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा केला आणि को-पायलटलाही साधारण १५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला. तिथून पायलट मिळेनासे झाले आणि रिजनल कंपन्यांचे पगार वर चढले.

या कलमाची ताकद किती, त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. ७६ सीटांबरोबर त्यात वजनाचीही मर्यादा आहे, ८६ हजार पौंड, म्हणजे साधारण ३९ टन. ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीने ई१७५-ई२ हे नवं विमान काढलं, इंजिन चांगलं, इंधन कमी. पण वजन ४४ टनांच्या पुढे. युनियनने मर्यादा सोडली नाही, अमेरिकेत गिऱ्हाईक मिळालं नाही, विमान रखडलं. जपानच्या मित्सुबिशीच्या जेटचीही तीच अडचण होती, तो प्रकल्प तर २०२३ मध्ये बंदच झाला.

खाणीत आमचं ७६ सीटांचं कलम कधी नव्हतंच. ओबी, म्हणजे कोळशावरची माती, काढायचं काम हळूहळू कंत्राटी पॅचवर गेलं. डिपार्टमेंटल, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या, शॉवेलवरचा माणूस रिटायर झाला की त्याची जागा भरली जात नाही. शेजारच्या पॅचवर कंत्राटदाराचे टिपर रात्रंदिवस धावतात. आमचा करार दर वेळी चांगला होत गेला, पण तो ज्यांना लागू व्हायचा ती माणसं कमी होत गेली. म्हणून पायलटांनी वजनाच्या पौंडावर अडून बसणं मला हट्ट वाटत नाही.

आपल्याकडे पायलटांच्या करारांत असं कुंपण नाही. इंडिगोने २०२३ पासून इस्तंबूलसाठी टर्किश एअरलाइन्सची बोइंग ७७७ विमानं त्यांच्या पायलटांसकट भाड्याने घेतली. त्यावर आक्षेप आले, मुदतवाढीचे वाद झाले, पण ते सगळं सरकार आणि कंपनी यांच्यात. युनियनचा कागद मध्ये कुठे आडवा आला नाही.

पण हा प्रश्न आपल्याला अनोळखी आहे असंही नाही. २०१२ मध्ये एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्ड या पायलट संघटनेचा संप ५८ दिवस चालला. मुळाशी प्रश्न होता की बोइंगची नवीन ड्रीमलाइनर विमानं कोण उडवणार, जुन्या एअर इंडियाचे पायलट की विलीनीकरणात आलेले इंडियन एअरलाइन्सचे. शंभरावर पायलट बडतर्फ झाले, उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला, हाती फारसं लागलं नाही. (जाता जाता: त्याच बोइंग खरेदीच्या बदल्यात मिहानमधला एमआरओ, म्हणजे विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र, नागपूरला मिळाला. टाटांनी एअर इंडिया घेतली तेव्हा ती देखभाल कंपनी सरकारकडेच राहिली, म्हणजे एके काळी घरचं असलेलं काम आता बाहेरचं झालं.)

फरक कायद्याचाही आहे. तिकडे १९२६ चा रेल्वे लेबर ॲक्ट १९३६ पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे. त्यात करार संपत नाही. नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो आणि सरकारी मध्यस्थ मंडळाने सोडल्याशिवाय संप करता येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं वाटाघाटी चालतात आणि सभासदांना शब्द न् शब्द चावायला वेळ मिळतो. आपल्याकडे खाजगी कंपनीत युनियन काढणं हाच पराक्रम. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या पायलटांनी गिल्ड, म्हणजे संघटना, काढली, दोघांना काढून टाकलं, मग पाच दिवस सामूहिक आजारपण. अलीकडे जे मिळालं ते कोर्टातून: विश्रांतीचे नवे नियम, आठवड्याची सुट्टी ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. ते पूर्ण लागू होताच डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नियमाला पुरतील इतके पायलटच हाताशी नव्हते.

मुलीबद्दल. ती लायसन्स घेऊन बाहेर पडेल तेव्हा ऑफर लेटरवरचा महिन्याचा आकडा शेवटी वाचा. आधी गॅरंटीड तास किती ते बघा, मग टाइप रेटिंगचा (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) खर्च आणि बाँड कुणाच्या डोक्यावर, मग कंपनी तिला उपकंपनीत हलवू शकते का. नोटीस पीरियड को-पायलटला ६ महिने आणि कॅप्टनला १ वर्ष आहे, म्हणजे पसंत नाही म्हणून महिन्याभरात बाहेर पडता येत नाही. आणि फ्लाइंग स्कूलला लाखो रुपये भरायच्या आधी तिचं डीजीसीएचं (सरकारी विमान वाहतूक नियामकाचं) मेडिकल करून घ्या, आधी क्लास टू, मग क्लास वन. पैसे भरल्यावर मेडिकलमध्ये अडकलेली मुलं पुतण्याच्या ओळखीत आहेत.