वाचकांचे प्रश्न : तीस चौकोन, एक गोधडी

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या सोसायटीतील अकरा जणींनी मिळून घरातल्या कात्रणांची एक गोधडी करायचे ठरवले. साडेचार इंचांचे नऊ तुकडे जोडून एक चौकोन, आणि तो शिवल्यावर साडेबारा इंच भरला पाहिजे, असे ठरले होते. तीस चौकोन जमले, पण त्यांतला कोणी पावणेबारा इंच भरतो, तर कोणी पावणेतेरा. तुकडे तर सर्वांनी पट्टी लावूनच कापले होते. मग चुकले कुठे? आणि आता सगळे उसवावे लागेल का?

— एक वाचक, मुलुंड

उत्तर : उसवू नका. चूक कापण्यात नसून मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाच्या कडेत आहे. तीन तुकडे ओळीने जोडताना दोन शिवणी येतात आणि प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंची माया जाते, म्हणजे एकूण चार वेळा. तुम्ही पाव इंच, म्हणजे दोन सूत माया गृहीत धरलीत. एखादीने सवयीने तीन सूत सोडली, तर तिचा चौकोन अर्धा इंच आखडतो, आणि साडेतीन सूत सोडली तर तो पावणेबारावर येतो. ब्लाउज शिवणारा हात सैल माया सोडतो, कारण पुढे कपडा उसवून वाढवायचा असतो. गोधडीला तो हात चालत नाही. पुढच्या वेळी प्रत्येकीने आपल्या मशीनच्या पत्र्यावर सुईपासून बरोबर पाव इंचावर रंगीत चिकटपट्टी लावावी, कापडाची कड तिला टेकवून टीप मारावी आणि आधी तीन तुकड्यांची एकच ओळ शिवून मोजून पाहावी. ती साडेबारा भरली, तरच पुढे जावे.

आता हाताशी असलेल्या चौकोनांचे. एकाच रंगाच्या जुन्या सुती चादरीच्या दोन इंच रुंद पट्ट्या काढा आणि प्रत्येक चौकोनाला चारही बाजूंनी जोडा. मग एकाच बाईने, एकाच पुठ्ठ्याच्या साच्याने, मूळ चौकोन मध्यभागी ठेवून सगळे साडेचौदा इंचांवर कापावेत. लहान चौकोनाची पट्टी रुंद आणि मोठ्याची अरुंद दिसेल, पण डोळ्याला तो फरक खटकत नाही. उलट, अकरा घरांचे भडक रंग एका चौकटीत शांत होतात. चार बाय पाच अशा वीस चौकोनांत सुमारे ५६ बाय ७० इंचांची गोधडी होईल. उरलेल्या दहांचे एक दुपटे करा.

सामूहिक कामात बाहेरचे माप सक्तीचे आणि आतले मोकळे ठेवावे, असे माझे मत आहे. १९८७ साली वॉशिंग्टनमध्ये प्रथम मांडलेल्या एड्स स्मृतिगोधडीत प्रत्येक तुकड्याला तीन फूट बाय सहा फूट हे एकच माप दिलेले होते, असे आठ तुकडे मिळून बारा फुटांचा चौकोन होई; कापड, रंग आणि टाके मात्र ज्याचे त्याचे होते. हजारो अनोळखी हातांचे काम त्यामुळेच जुळले. तुमच्या तर अकराच जणी आहेत.

प्रश्न : आमच्या दादरच्या शिंप्याने पोतेभर कात्रणे दिली. त्यांत बाह्यांचे वाकडे तुकडे आहेत, आणि काही कापड सुती आहे की नाही तेच कळत नाही.

उत्तर : दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. असा तुकडा सुती चौकोनात घेतला, तर इस्त्रीखाली तोच आधी आकसतो, म्हणून तो बाजूला काढा. बाह्यांचे तुकडे बहुधा उरेब, म्हणजे धाग्याला तिरके कापलेले असतात आणि शिवताना ताणले जातात. ते थेट एकमेकांना न जोडता धुऊन विटलेल्या सुती साडीच्या तेरा इंची चौकोनावर एकेक करून टिपावेत आणि शेवटी साडेबारा इंचांवर छाटावेत. खालच्या कापडाचा उभा धागा सरळ असला, की वरचे तुकडे कसेही असोत, चौकोन तिरका होत नाही. पोते मात्र पावसाळ्याआधी उपसा. मुंबईच्या दमट हवेत बंद पोत्यातल्या कापडावर बुरशीचे डाग धरतात.

प्रश्न : लाल कापड मिठाच्या पाण्यात भिजवले, की रंग पक्का होतो ना?

उत्तर : नाही. रंगवताना रंग धाग्यात मुरावा म्हणून मीठ कामी येते, पण गळणारा रंग ते घट्ट धरून ठेवत नाही. तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. डाग उमटला, तर ते लाल कापड वरच्या थराला वापरू नका, मग ते कितीही आवडीच्या लुगड्याचे असो.