जुना मोबाइल चोरीचा निघाला. दुकानदार म्हणतो, ‘परत आणा, दुसरा देतो’

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून वापरलेला स्मार्टफोन ११,५०० रुपयांना घेतला. पैसे यूपीआयने दिले. कच्च्या बिलावर मॉडेलचं नाव आणि ‘गॅरंटी नाही’ एवढंच लिहिलंय. परवा दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला, की मोबाइल चोरीचा आहे, घेऊन या किंवा कुरिअर करा. दुकानदार म्हणतो, ‘घाबरू नका, परत आणा, दुसरा देतो.’ माझ्यावर गुन्हा दाखल होईल का? पैसे बुडाले का?

उत्तर : काहीही झालं तरी तो मोबाइल दुकानदाराच्या हातात देऊ नका. बदल्यात नवाकोरा देत असला तरी नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७(२) प्रमाणे चोरीची वस्तू घेणं किंवा जवळ ठेवणं याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण ती वस्तू चोरीची असल्याचं माहीत होतं, किंवा तसं मानायला सबळ कारण होतं, आणि हेतू अप्रामाणिक होता, हे सिद्ध व्हावं लागतं. उघड्या दुकानातून, खात्यातून पैसे देऊन, बाजारभावाच्या आसपास खरेदी केली असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तीस हजारांचा फोन चार हजारांत घेतला असता तर हेच मी इतक्या ठामपणे म्हटलं नसतं. मात्र परवाच्या फोनपासून चित्र बदललं. आता तुम्हाला माहीत आहे. यापुढे तो वापरत राहिलात तर ‘जाणूनबुजून जवळ ठेवला’ असं म्हणता येतं, आणि दुकानदाराला दिलात तर चोरीच्या मालाची विल्हेवाट लावायला मदत केल्याचा आरोप येऊ शकतो. त्यासाठी कलम ३१७(५) आहे. शिवाय मोबाइलसारख्या साधनांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ब वेगळं आहेच. दुकानदाराला मोबाइल परत हवाय तो तुमच्या प्रेमापोटी नव्हे.

पोलीस तुमच्यापर्यंत पोचले ते बहुधा सीईआयआर या, हरवलेले-चोरीचे मोबाइल शोधणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेतून. मूळ मालकाने तक्रारीची प्रत जोडून आयएमईआय (हँडसेटचा १५ अंकी ओळख क्रमांक) ब्लॉक करायला दिला, की त्या हँडसेटमध्ये सिम पडताच कोणता नंबर चालू झाला याची माहिती पोलिसांना मिळते. त्यात तुमचं सिम दिसलं. तरीही आलेला फोन खरा आहे का, हे आधी तपासा, कारण पोलीस असल्याची बतावणी करून पैसे उकळणारेही हेच सांगतात. ज्या नंबरवरून फोन आला त्यावर उलटा फोन करू नका. त्या जिल्ह्याच्या पोलीस दलाच्या संकेतस्थळावरून ठाण्याचा नंबर काढा आणि गुन्हा रजिस्टर नंबर विचारा. गुन्हा नसून नुसती ‘गहाळ’ची नोंद असेल तर तिचा क्रमांक घ्या. गहाळच्या प्रकरणात बऱ्याचदा मोबाइल परत मिळाला की विषय संपतो. कोणी ‘मिटवून टाकू’ म्हणून पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

मोबाइल जमा करताना घाई नको. *#०६# दाबून दिसणारे दोन्ही आयएमईआय लिहून घ्या, स्क्रीनचा फोटो दुसऱ्या मोबाइलवर काढा. तुमचे फोटो, कागदपत्रं कॉपी करा, बँक आणि यूपीआय ॲपमधून लॉगआउट व्हा, सिम व मेमरी कार्ड काढा. फॅक्टरी रिसेट मात्र पोलिसांना विचारल्याशिवाय करू नका, पुरावा पुसला असा अर्थ निघायला नको. मग कधी, कुठून, कितीला घेतला हे एका पानात लिहा, यूपीआय पावती जोडा आणि तपास करणाऱ्या ठाण्याला मोबाइल द्या. तिथवर जाणं अवघड असेल तर तुमच्या हद्दीतल्या ठाण्यामार्फत जमा करता येईल का, हे लेखी विचारा. देताना जप्ती पंचनाम्याची प्रत, निदान सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि त्यावर दोन्ही आयएमईआय आहेत का ते पाहा. हा कागद हातात नसेल तर पुढचा पैशांचा दावा लंगडा पडतो. साक्षीदार म्हणून पोलीस बोलावतात ते लेखी आदेशाने, आणि तेही आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे संशयिताला चौकशीसाठी हजर राहायला सांगणारी, नोटीस आली तर ती टाळू नका. मग वकील सोबत घेऊन हजर व्हा.

आता पैसे. मोबाइल मूळ मालकाला जाणार, त्यावर तुमचा हक्क नाही. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम २७ प्रमाणे, विकणाऱ्याकडे नसलेली मालकी विकत घेणाऱ्याला मिळत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे, ही अट प्रत्येक विक्रीत गृहीत असते. ती मोडली म्हणून पूर्ण किंमत मागता येते. ‘गॅरंटी नाही’ हा शेरा बॅटरी-डिस्प्लेसाठी, मालकीसाठी नव्हे. ‘चार महिने वापरलात’ ही सबबही मला पटत नाही.

दुकानदाराला आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. यूपीआयवरचं नाव दुकानाच्या पाटीवरच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं (पत्नीचं, भावाचं), म्हणून पाटीचा फोटो आजच काढून ठेवा आणि नोटिशीत दोन्ही नावं घाला. तो हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ती तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. नीट बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, तो मुद्दा वेगळा मांडा. दुकानदाराऐवजी एखाद्या खासगी माणसाकडून घेतला असता तर ग्राहक आयोगाचा रस्ता अवघड होता, दिवाणी दावा करावा लागला असता. दुकानदाराला चोरीचं माहीत होतं असं दिसलं तर फसवणुकीचीही तक्रार होते, पण तोही फसलेला असू शकतो. त्याने कोणाकडून घेतला ते पोलिसांना शोधू द्या.

पुढचा मोबाइल घेताना पैसे देण्याआधी केवायएम (KYM), मग जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. दोन सिमच्या मोबाइलला दोन्ही आयएमईआय तपासा. ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीच वापरात’ असं उत्तर आलं तर घेऊ नका. बिलावर आयएमईआय लिहायला दुकानदार कां-कूं करत असेल तरीही नाही.

नोटीस मिळताच दुकानदार बहुधा तडजोडीला येईल. पैसे खात्यावरच घ्या आणि पावतीवर ‘मोबाइलची किंमत परत मिळाली’ एवढंच लिहा. ‘पोलिसांत जबाब देणार नाही’ किंवा ‘दिलेला जबाब मागे घेतो’ अशा मजकुरावर सही करू नका.