जर्मनीत मंदी आहे, तर माणसं सहज मिळतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला ऑटो पार्ट्सची कंपनी आहे, आता स्टुटगार्टजवळ छोटं ऑफिस काढून पाच-सहा माणसं घ्यायची आहेत, तिकडे नोकरकपात चालली आहे म्हणतात, तर चांगली माणसं पटकन आणि बेताच्या पगारात मिळतील का?

पटकन मिळणार नाहीत. बेताच्या पगारात तर नाहीच नाही. अकरा वर्षं इथे एचआरमध्ये आहे, त्यातली निम्मी भारतीय मालकांच्या कंपन्यांत गेली, म्हणून इतकं ठाम बोलतोय.

मंदी खोटी नाही. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं अर्थव्यवस्था आकसली. ऑगस्ट २०२५ मध्ये बेरोजगारांचा आकडा दहा वर्षांत पहिल्यांदाच तीस लाखांच्या वर गेला. बॉश, झेडएफ, कॉन्टिनेंटल, सगळ्यांनी हजारोंनी जागा कमी करायचं जाहीर केलंय. पण जागा कमी होणं आणि माणूस रस्त्यावर येणं या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी जो करार केला त्यात २०३० पर्यंत ३५,००० जागा घटवायच्या आहेत, पण सक्तीने कुणाला काढायचं नाही असंही लिहिलंय. कुणी निवृत्त होईल, कुणी लवकर निवृत्ती घेईल, कुणी पैसे घेऊन जाईल. काम कमी झालं की कंपन्या कुर्त्सआर्बाइट लावतात: कामाचे तास घटवायचे, आणि बुडालेल्या निव्वळ पगारातले ६० टक्के, घरात मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी रोजगार विमा देतो. एप्रिल २०२० मध्ये सुमारे साठ लाख लोक या योजनेत होते.

तेव्हा तुम्हाला हवा असलेला पंचेचाळिशीतला क्वालिटी इंजिनियर बायोडेटा घेऊन दारोदार फिरत नाहीये. तो घरी बसून कंपनी आबफिंडुंग, म्हणजे जाण्याचे पैसे, किती देईल याचा हिशोब करतोय. ढोबळ रीत नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार. मोठ्या कंपन्या त्याहून बऱ्याच वर जातात. त्या पैशांचं पत्र हातात पडेपर्यंत तुमच्या ऑफरला तो गोड बोलून टोलवत राहणार.

आणि वयाचाही भाग आहे. इथे सगळ्यात जास्त बाळं जन्मली १९६४ साली, साडेतेरा लाखांच्या वर. ती पिढी २०३१ मध्ये ६७ ची, म्हणजे निवृत्तीच्या वयाची होईल. सीएनसी सेटर, इलेक्ट्रिशियन, टूलरूममधली माणसं मंदीतही मिळत नाहीत ती त्यामुळेच.

पगाराचं म्हणाल तर स्टुटगार्टच्या पट्ट्यात तुमची स्पर्धा आय.जी. मेटाल युनियनच्या करारातल्या कंपन्यांशी आहे. आठवड्याला ३५ तास, तीस दिवस सुट्टी. अनुभवी इंजिनियर सत्तर हजार युरोंच्या खाली बोलतच नाही, हा माझा अनुभव. सत्तर हजारांवर मालकाच्या वाट्याचे पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी वगैरे विमे मिळून आणखी चौदा-पंधरा हजार धरा. पुण्यात 'सीटीसी' म्हणून जो आकडा बोलतात त्यात हे सगळं आलेलं असतं. इथे नसतं. बोलताना नेमका इथेच घोळ होतो.

पण पैशापेक्षा तुम्हाला कॅलेंडर जास्त छळेल. जुन्या माणसांच्या करारात बहुधा तीन महिने नोटीस असते, तीही पुष्कळदा 'तिमाहीअखेर'. म्हणजे उमेदवाराने ३१ मार्चपर्यंत राजीनामा दिला तर तो १ जुलैला तुमच्याकडे. तुमची ऑफर त्याला २ एप्रिलला मिळाली तर १ ऑक्टोबरला. दोन दिवस उशीर, तीन महिने गेले. एकदा आमच्या हेड ऑफिसात सहीसाठी फाइल मार्चचा शेवटचा आठवडाभर पडून होती, कारण साहेब लग्नाला गेले होते. तो उमेदवार सप्टेंबरपर्यंत थांबला, हे आमचं नशीब.

आता काढण्याबद्दल, कारण ते घेण्याआधी कळायला हवं. नोकरी-संरक्षणाचा मोठा कायदा दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होतो, आणि तिथेही माणसाला सहा महिने झाल्यावर. अर्धवेळ माणूस अर्धा किंवा पाऊण मोजतात. चाकणची माणसं यात धरत नाहीत. म्हणजे पाच-सहा जणांपर्यंत तुम्ही बरेच मोकळे आहात, हे इथले वकीलही आपणहून सांगत नाहीत. तरी नोटीस पाळावी लागतेच, आणि गरोदर बाईला किंवा अपंग म्हणून नोंद असलेल्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. शिवाय पाच कायम कर्मचारी झाले की ते बेट्रीब्सराट, म्हणजे कामगार समिती, निवडू शकतात. तिला न विचारता दिलेली नोटीस रद्द.

नोटीस कागदावर, पेनाने सही केलेली लागते. माझ्या आधीच्या एका कंपनीत बारा-तेरा माणसं होती. सेल्सच्या एका माणसाचे सहा महिने संपायला तीन दिवस असताना पुण्याहून मेल आला: उद्यापासून येऊ नका. त्याने मेल वाचला, काही बोलला नाही, सोमवारी नेहमीसारखा कामावर आला. मेलवरची नोटीस कायद्याने नोटीसच नसते, हे आम्हाला वकिलाने सांगितलं तेव्हा बुधवार होता आणि सहा महिने उलटून गेले होते. चार महिन्यांचा पगार देऊन प्रकरण मिटवलं. उंटावरून शेळ्या हाकल्या की असं होतं.

आजारपणाच्या रजेवरून भारतातल्या मालकांचं डोकं हमखास फिरतं. पहिले सहा आठवडे पूर्ण पगार तुम्ही द्यायचा, आणि काय झालंय हे विचारायचंही नाही. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, बजेटमध्ये धरा.

बायोडेटासोबत जुन्या कंपनीचं त्सोयग्निस येईल, म्हणजे प्रशस्तिपत्र. ते वाचायला जर्मन माणूस जवळ बसवा. कायद्याने ते सद्भावनेनेच लिहावं लागतं, त्यामुळे एक सांकेतिक भाषाच तयार झाली आहे. 'आमच्या संपूर्ण समाधानाइतकं, सदैव' म्हणजे अव्वल. नुसतं 'आमच्या समाधानाइतकं' म्हणजे काठावर पास. 'त्यांनी सदैव प्रयत्न केले' असं दिसलं तर समजा, काही जमलं नाही. मी पहिल्या वर्षी असंच एक पत्र वाचून 'मेहनती दिसतो' म्हणालो होतो. समोरची बाई कॉफी पिता पिता थांबली.

पुण्याहूनच दोघं आणावीत हा विचार वाईट नाही. ब्लू कार्डसाठी, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाच्या कामाच्या परवान्यासाठी, २०२५ मध्ये वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागायचा, टंचाईच्या पेशांना, ज्यात इंजिनियर येतात, ४३,७५९.८० युरो, आकडा दर जानेवारीत वाढतो. डिग्री आणि कॉलेज दोन्ही 'अनाबिन' या सरकारी यादीत आधी तपासा, ऑफर लेटर छापल्यावर नव्हे. पण ग्राहकाशी बोलणारा पहिला माणूस इथलाच घ्या. कारखान्यातला खरेदी-प्रमुख इंग्रजीत मीटिंग करेल, तक्रार मात्र जर्मनमध्ये आणि फोनवर करेल.

ऑफिस जुलैत चालू करायचं असेल तर जाहिरात जानेवारीत लागायला हवी, आणि त्याआधी रोजगार खात्याकडून कंपनीचा नोंदणी क्रमांक हातात हवा, नाहीतर पहिल्याच महिन्याचा पगार काढता येणार नाही. पगाराचं काम स्थानिक कर-सल्लागाराला द्या, चाकणच्या अकाउंट्सला नको. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सही करणारे साहेब कुठे आहेत, तेवढं बघून ठेवा.